मीटर मर्यादेतच होतं, तरी एका हंगामात टर्बाइनच्या गाईड व्हेन एवढ्या कशा खाल्ल्या गेल्या?

नदीकाठ:

नमस्कार. मी हिमनदीच्या पाण्यावर चालणाऱ्या एका जलविद्युत केंद्रात ऑपरेशनला आहे. मोठं धरण नाही, बॅरेज म्हणजे दारं असलेला कमी उंचीचा बांध, आणि त्यामागे छोटा तलाव. २१० मीटर हेड, म्हणजे पाणी पडण्याची उंची, आणि प्रत्येकी १२ मेगावॉटची दोन फ्रान्सिस टर्बाइनची युनिट. इनटेकनंतर, म्हणजे नदीतून पाणी आत घेतल्यावर, गाळ बसवणारी दोन डिसिल्टिंग चेंबर आहेत, ०.२ मिलिमीटरपेक्षा जाड वाळू तिथे खाली बसावी असं डिझाइन. चेंबरच्या तोंडाशी गढूळपणा मोजणारं टर्बिडिटी मीटर बसवलंय. नियम असा, की मीटर ३,००० पीपीएमच्या (लिटरला ३ ग्रॅम गाळाच्या) वर गेलं की दोन्ही युनिट बंद करायची.

गेल्या पुराच्या हंगामात हा नियम आम्ही काटेकोर पाळला. नऊ वेळा युनिट बंद केली, एकदा तर सलग दीड दिवस. तरी हंगाम संपल्यावर युनिट २ उघडलं तेव्हा सगळे गप्प झाले. गाईड व्हेन म्हणजे पाणी फिरत्या चाकाकडे, रनरकडे, वळवणारी, उघडमिट होणारी पाती. त्यांच्या वरच्या आणि खालच्या टोकांना, जिथे फेसिंग प्लेटशी बारीक फट असते, तिथे बोट रुतेल असे खळगे पडलेत. रनरच्या आउटलेटच्या कडा पातळ होऊन करवतीसारख्या दातेरी झाल्यात. रनरभोवतीची गळती रोखणाऱ्या लॅबिरिंथ सीलची फट नवीन असताना होती त्याच्या दुपटीहून जास्त. शेवटच्या महिन्यात तर गाईड व्हेन पूर्ण मिटल्या तरी युनिट थांबायचं नाही, रांगत राहायचं. इनलेट व्हॉल्व्ह बंद केल्यावरच ब्रेक लावता यायचे.

दुरुस्ती करून युनिट परत उभं केलंय. यंदाचा पूर सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि मला रोज रात्री तेच खळगे दिसतात. मर्यादा ३,००० वरून २,००० वर आणावी का? वरिष्ठांचं म्हणणं, टंगस्टन कार्बाइडचं कोटिंग करून घेऊ, मग प्रश्न मिटला. खरंच मिटेल का? ज्यांनी हे प्रत्यक्ष हाताळलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

जुना फिटर:

मी ३१ वर्षं मेंटेनन्समध्ये होतो, त्यातली निम्मी गाळाच्या नद्यांवर. तुमची पोस्ट दोनदा वाचली. त्यात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे: मीटर चेंबरच्या तोंडाशी आहे. म्हणजे चेंबरमध्ये शिरणारं पाणी तुम्ही मोजता. टर्बाइनमध्ये शिरणारं पाणी तुमच्याकडे कोणीच मोजत नाही.

दुसरं, ते मीटर काय मोजतं ते आधी समजून घ्या. ते पाण्यात प्रकाश टाकतं आणि किती विखुरला ते बघतं. कण जितके बारीक, तितकं त्याच वजनात त्यांचं पृष्ठफळ जास्त, आणि तितका प्रकाश जास्त विखुरतो. एक लिटर पाण्यात ग्रॅमभर चिकणमाती कालवा, मीटर उसळी मारेल. तीच ग्रॅमभर जाड वाळू टाका, जेमतेम हलेल. धातू खाते ती वाळू. मातीचा कण पाण्याबरोबर वळतो आणि निघून जातो. वाळूच्या कणाला वजन असतं, तो वळणावर पाण्याची वाट सोडून सरळ धातूवर आपटतो. त्यामुळे तुमच्या नऊ शटडाऊनपैकी काही तुम्ही चिखलासाठी घेतलेत, आणि वाळू आली तेव्हा मीटर शांत होतं म्हणून युनिट चालू राहिली, ही शक्यता मला दाट वाटते.

हे माझ्या स्वतःच्या हातून घडलंय. पेल्टन टर्बाइन होतं, ४०० मीटर हेड. तिथे पाण्याचं जेट सेकंदाला ८८ मीटर वेगाने चाकाच्या वाट्यांवर, बकेटवर पडतं. मोठा पूर येऊन ओसरत होता. मीटर ४,००० वरून उतरत उतरत रात्री दीडला १,५०० वर आलं आणि आम्ही युनिट सुरू केली. चारच्या सुमारास कूलिंग वॉटरचा स्ट्रेनर, म्हणजे गाळणी, चोक झाला. हा स्ट्रेनर मी शेकडो वेळा साफ केला असेन, त्यात पालापाचोळा आणि चिकट गाळ निघतो. त्या रात्री बास्केट निम्मी भरली होती ती स्वच्छ, पांढुरक्या, दाणेदार वाळूने. मी ती मुठीत घेतली, बोटांमध्ये करकरली. आणि तरीही मी युनिट बंद करायला सांगितलं नाही, कारण मीटर १,५०० दाखवत होतं आणि नियम मीटरचा होता. चार दिवस तसंच चाललं. नंतर केसिंग उघडलं तर आदल्या तपासणीत बोटाला टोचणारी बकेटच्या मधल्या कण्याची, स्प्लिटरची, धार सपाट पट्टी झाली होती, आणि बकेटच्या आतल्या बाजूला माशाच्या खवल्यांसारखी नक्षी उठली होती. ती वाळू हातात असताना मी गप्प राहिलो, हे आजही मला बोचतं. म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

कारण नंतर कळलं. पुरात चेंबरच्या तळाची वाळू बाहेर टाकणारी फ्लशिंग लाइन चोक झाली होती. तळाचे नरसाळ्यासारखे हॉपर भरले आणि वाळू वर चढत गेली. पाणी जायला वरचा थोडाच भाग उरला, तिथून ते जोरात निघालं. गणित साधं आहे. ०.२ मिलिमीटरचा वाळूचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला साधारण २ सेंटिमीटर खाली बसतो. चेंबर ५ मीटर खोल असेल तर त्याला तळ गाठायला २५० सेकंद लागतात, आणि पाणी सेकंदाला २० सेंटिमीटर वेगाने पुढे सरकत असेल तर तेवढ्या वेळात ते ५० मीटर जातं. प्रत्यक्षात पाणी घुसळत असतं, म्हणून चेंबर त्याहून बरंच लांब ठेवतात. पण २० सेंटिमीटर ही या कणाची जवळजवळ शेवटची सीमा आहे. वेग त्याच्या वर गेला की बसलेली वाळूसुद्धा उचलली जाते. निम्मं भरलेलं चेंबर निम्मं काम करत नाही, ते जवळपास काहीच काम करत नाही. आणि तुमचं पाणी हिमनदीचं. शून्याजवळचं पाणी २० अंशाच्या पाण्यापेक्षा पावणेदोन पट चिकट असतं, कण आणखी सावकाश बसतात. डिझाइनमध्ये कुठलं तापमान धरलंय ते एकदा कागद काढून बघा.

आता उद्या सकाळी काय करायचं ते सांगतो. पारदर्शक, सरळ बाजूंची एक लिटरची बाटली घ्या. त्यात पाण्याची उंची २० सेंटिमीटर भरेल अशी खूण करा. पेनस्टॉकच्या (टर्बाइनकडे येणाऱ्या पाइपच्या) किंवा स्पायरल केसिंगच्या (टर्बाइनभोवतीच्या कवचाच्या) बाजूला प्रेशरचा टॅप असतो, तो मिनिटभर वाहू द्या आणि मग बाटली भरा. नीट हलवा, टेबलावर ठेवा आणि दहा मोजा. ०.२ मिलिमीटर आणि त्याहून जाड जे काही असेल ते दहा सेकंदांत तळाला येतं. ०.१ मिलिमीटरच्या कणाला अर्धा मिनिट लागतं. बारीक सिल्ट दहा मिनिटं तरंगत राहते, तिच्याकडे आत्ता बघू नका. दहा मोजल्यावर तळाशी दाण्यांची रेघ दिसली तर तुमचं चेंबर काम करत नाही, मीटर काहीही म्हणो.

हे दर तासाला, दोन्ही ठिकाणी करा, चेंबरच्या आधी आणि टर्बाइनपाशी. शिफ्टमधल्या कोणालाही जमतं.

मर्यादेबद्दल. २,००० करा, ३,००० ठेवा, आकडा नुसता पीपीएमचा असेल तर त्याने निर्णय होत नाही. वजनात विचार करा. तुमचं एक युनिट पूर्ण लोडला सेकंदाला साडेसहा घनमीटर पाणी घेत असणार. लिटरला एक ग्रॅम, म्हणजे १,००० पीपीएम धरलं तरी सेकंदाला साडेसहा किलो, दिवसाला ५६० टन गाळ एका रनरमधून जातो. त्यातला किती जाड आणि त्यात क्वार्ट्झ (गारगोटी) किती, यावर सगळं ठरतं.

खळगे नेमके गाईड व्हेनच्या टोकांनाच का, तर तुमच्या हेडला पाण्याचा पूर्ण वेग सेकंदाला ६४ मीटर होतो आणि निम्मी ऊर्जा गाईड व्हेनपाशीच वेगात उतरते, म्हणजे तिथेच ४५ च्या आसपास. झीज वेगाच्या साधारण तिसऱ्या घाताने वाढते: वेग दहा टक्के वाढला तर झीज एक तृतीयांशाने वाढते. त्यात व्हेनच्या एका बाजूला दाब जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, त्यामुळे फटीतून वाळूसकट पाणी आडवं घुसतं आणि बाहेर पडताना भोवरा करून रनरच्या तोंडावर आपटतं. फट वाढली की गळती वाढते, गळतीने फट आणखी वाढते. म्हणून शेवटच्या महिन्यात इतक्या झपाट्याने बिघडलं. नेपाळमध्ये झिमरुक केंद्रावर २००३ साली मोजमाप झालं होतं. अडीच महिन्यांच्या आत फ्रान्सिस टर्बाइनची कार्यक्षमता सर्वोत्तम बिंदूवर ४ टक्के आणि पाव लोडला ८ टक्के घसरली. कमी लोडला दुप्पट, हे लक्षात ठेवा. गाळ असताना दोन युनिट अर्ध्या लोडवर कधीही चालवू नका. एक बंद, एक पूर्ण लोडवर.

वाळूची बाटली:

मी अशाच नमुन्यांची तपासणी करते, म्हणून थोडी भर घालते. जुना फिटर यांची दहा सेकंदांची चाचणी शिफ्टसाठी उत्तम आहे, पण वरिष्ठांसमोर मांडायला वजनाचे आकडे लागतील. टॅपचा एक लिटर नमुना आधी ०.२ आणि मग ०.०६३ मिलिमीटरच्या चाळणीतून ओला चाळा. जे गळून खाली जाईल ते फिल्टर पेपरवर घ्या. तिन्ही भाग १०५ अंशाला वाळवून वेगवेगळे तोला. महिनाभर रोज एक नमुना असा केलात तर मीटरचा आकडा आणि खरं वजन यांचं नातं तुमच्याच नदीसाठी सापडेल. ते नातं पुराच्या चढत्या आणि उतरत्या बाजूला वेगळं असतं, दरड कोसळली की पुन्हा बदलतं. कंपनीने लावून दिलेलं कॅलिब्रेशन तुमच्या नदीचं नाही.

चाळणीवर राहिलेले दाणे एकदा भिंगाखाली बघा. क्वार्ट्झची मोह्‌ज कठिणता ७, फेल्डस्पारची ६, दोन्ही टर्बाइनच्या स्टीलपेक्षा कठीण. अभ्रक चमकतं आणि घाबरवतं, पण ते ३ च्या आसपास असतं, त्याची भीती नाही. शिवाय हिमनदीने ताजी दळलेली वाळू असेल तर दाण्यांचे कोपरे टोकदार असतात. लांब वाहत आलेला गोल दाणा त्यामानाने कमी कापतो.

नदीकाठ:

दोघांचेही मनापासून आभार. बाटली आज सुरू करते. कोटिंगचं कोणी सांगेल का? पुढच्या आठवड्यात त्यावर बैठक आहे.

स्प्रे शॉप:

कोटिंगचं काम मी केलंय, त्यामुळे त्याच्या बाजूनेच बोलायला हवं, पण पूर्ण बोलतो. तुमचं रनर बहुधा १३/४ म्हणजे १३ टक्के क्रोमियम, ४ टक्के निकेलच्या स्टीलचं असेल. त्याची कठिणता व्हिकर्सच्या मापावर ३०० च्या आत. क्वार्ट्झची हजाराच्या वर. एचव्हीओएफने, म्हणजे जळत्या वायूच्या वेगवान झोताने, मारलेलं टंगस्टन कार्बाइड, कोबाल्ट-क्रोमच्या बाइंडरसह, क्वार्ट्झच्या बरोबरीला येतं. थर साधारण ०.३ मिलिमीटरचा. बारीक वाळूपुढे तो उघड्या स्टीलच्या कितीतरी पट टिकतो, यात शंका नाही. सतलजवरचं नाथपा-झाकडी हे १,५०० मेगावॉटचं केंद्र बघा. तिथे ५२५ मीटर लांबीची चार भूमिगत चेंबर आहेत, तीही ०.२ मिलिमीटरपर्यंतचीच वाळू काढायला. त्याखालची क्वार्ट्झ टर्बाइनमध्ये जातेच, म्हणून तिथे कोटिंगही करावं लागतं.

पण थर ठिसूळ असतो. जाड वाळू किंवा खडा आपटला की कडेला टवका उडतो, मग पाणी थराखाली शिरून पापुद्रे काढतं. कॅव्हिटेशन, म्हणजे वाफेचे बुडबुडे फुटून धातू खाणं, सुरू झालं तर त्यापुढेही तो टिकत नाही. म्हणजे चेंबर बिघडलेलं ठेवून कोटिंग केलंत तर काही आठवड्यांत ते सोलून निघेल आणि दोष कोटिंगला लागेल. दुसरी अडचण स्प्रे गनची. तिला पृष्ठभागासमोर काटकोनाच्या जवळ उभं राहायला जागा हवी. गाईड व्हेन, फेसिंग प्लेट, लॅबिरिंथच्या रिंगा छान होतात. लहान फ्रान्सिस रनरच्या पात्यांमध्ये खोलवर गन पोचत नाही.

दुरुस्तीही विचारून घ्या. गेल्या वेळी खळगे कुठल्या वेल्डिंग रॉडने भरले? मॅचिंग १३/४ च्या रॉडने भरून नंतर हीट ट्रीटमेंट दिली असेल तर ठीक. घाईत ३०९ नंबरच्या रॉडने भरलं असेल तर तो भाग मऊ आहे, वाळू तिथेच पहिला घास घेईल. टेम्प्लेट लावून प्रोफाइल तपासलं नसेल तर उंचवट्यामागे कॅव्हिटेशन सुरू होतं, आणि वाळू व कॅव्हिटेशन एकत्र आले की झीज दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त होते.

माझा सल्ला: या बैठकीत कोटिंग मागण्याआधी गाईड व्हेनचा एक जादा संच मागा. एक संच मशीनवर, दुसरा दुरुस्तीला. त्यावर कोटिंग करा.

नदीकाठ:

अकरा दिवसांनी लिहितेय. आधी आकडे देते.

मीटर ९०० दाखवत असताना टॅपची बाटली भरली. हलवून ठेवली, दहा मोजले, तळाला करड्या-पांढऱ्या दाण्यांची रेघ. माझ्यासोबत नवीन आलेली ट्रेनी होती, तिने आपणहून परत मोजलं, परत तेच. त्या दिवसाच्या नमुन्यात एकूण १.४ ग्रॅम निघाले, त्यातले ०.२५ ग्रॅम ०.२ च्या चाळणीवर राहिले. चेंबरमधून जाऊच नये अशी वाळू, लिटरला पाव ग्रॅम! मी हिशेब केला, एका युनिटमधून दिवसाला १४० टन.

मग प्रत्येक चेंबरच्या आउटलेटला वेगळी बाटली घेतली. चेंबर १ ची जवळजवळ स्वच्छ. रेघ सगळी चेंबर २ ची. आणि फ्लशिंगचं पाणी बाहेर पडतं त्या आउटफॉलला गेले तर चेंबर १ मधून दाट, वाळूचं पाणी पडत होतं, तर चेंबर २ मधून नितळ पाणी. नदी गढूळ असताना फ्लशिंगचं पाणी नितळ! गेली दोन वर्षं आम्ही लॉगबुकमध्ये त्यापुढे समाधानकारक असं लिहीत आलोय. कारण पाणी स्वच्छ दिसायचं.

आत्ता चेंबर २ चा इनलेट गेट बंद करून एकाच युनिटवर पूर्ण लोडला चालवतोय. वरिष्ठांना ती बाटली टेबलावर ठेवून दाखवली, त्यांनी लगेच परवानगी दिली. चेंबर १ वर एकट्यावर जास्त भार तर पडत नाही ना, एवढीच धास्ती आहे.

जुना फिटर:

नितळ पाणी म्हणजे हॉपरची तळातली भोकं वाळूने बंद झालीत आणि एखाद्याच मोकळ्या भोकातून वरचं पाणी थेट फ्लशिंगला जातंय. तुम्ही ते बघायला स्वतः आउटफॉलपर्यंत गेलात याचं मला फार बरं वाटलं. तिथे चालत जायचा कंटाळा आम्ही वर्षानुवर्षं केला.

एका युनिटचं पाणी एका चेंबरमधून जात असेल तर चेंबर १ वर डिझाइनपेक्षा जास्त भार नाही, फक्त फ्लशिंगसाठीचं जादा पाणी इनटेकवर मिळतंय ना ते बघा. इनटेकमधून घेतलेल्या पाण्याचा दहा ते वीस टक्के भाग फ्लशिंगला लागतो. लोड वाढवायच्या मोहात तो कधी कमी करू नका. बहुतेक वेळा चोक होण्याची सुरुवात तिथूनच होते.

आता तलाव. तुम्ही संध्याकाळच्या वाढीव वीजमागणीसाठी पातळी वरखाली करत असाल तर पुराच्या हंगामात ते थांबवा. पातळी वर असताना वाळू तलावात बसते, खाली आणली की तीच उकरून इनटेकसमोर येते. हंगामभर पातळी किमान ठेवा आणि इनटेकला लागून असलेलं गेट उघडं ठेवा, म्हणजे जाड वाळू तळातूनच पुढे जाईल. चीनमधल्या पीत नदीवरचं सानमेनशिया धरण १९६० मध्ये पूर्ण झालं आणि थोड्याच वर्षांत गाळाने इतकं भरलं, की तळाची बंद केलेली दारं पुन्हा उघडावी लागली आणि नवे बोगदे खोदावे लागले. तेव्हा कुठे पुरात पातळी खाली ठेवून गढूळ पाणी सोडायचं आणि नंतरचं स्वच्छ पाणी साठवायचं, ही रीत तिथे बसली. तुमचा तलाव लहान आहे, तुम्हाला ते उद्यापासून करता येईल. मोठं फ्लशिंग करायचं असेल तर नदीला भरपूर पाणी असतानाच करा आणि खालच्या गावांना आधी कळवा. कमी पाण्यात एकदम गाळ सोडला तर मासे मरतात.

चेंबर २ रिकामं करताना आधी वायुवीजन आणि दोर, मग माणूस आत. ओली वाळू उभी भिंत धरून राहते आणि अचानक खाली येते, तिच्या पायथ्याशी कोणालाही उभं राहू देऊ नका. वरून, पाण्याच्या जेटने पाडत या. भोकं उघडली की प्रत्येकात सळई घालून बघा. एखाद्यात लाकडाचा ओंडका अडकलेला असण्याची शक्यता आहे, आमच्याकडे तोच होता.

आणि युनिट २ च्या टॉप कव्हरचा, म्हणजे रनरवरच्या झाकणाखालचा, दाब व लॅबिरिंथची गळती आजपासून रोज लिहायला लावा. दोन्ही चढू लागले की मशीन न उघडताही फट कळते. चेंबर मोकळं झाल्यावर टॅपची पहिली बाटली भराल तिचा फोटो इथे टाका, मी वाट बघतोय.